डोकं एकाचं, धड दुसऱ्याचं

३ मार्च

दादा,

नमस्कार-चमत्कार शेवटी करू, जागा उरली तर. अकरा वर्षांनी माझं पत्र बघून घाबरू नकोस, कुणी मेलेलं नाही. कामासाठी लिहिते आहे.

बेटावरून एक भुंगेरा आला आहे. तिथल्या दवाखान्यातली नर्सबाई सहा वर्षं मला किडे पाठवते. औषधाच्या रिकाम्या डब्या, आत कापूस, कापसात किडे आणि वरून दोन रबर बँड. तिला हे करायला कुणी सांगितलेलं नाही, नुसती हौस. जानेवारीच्या वादळात दवाखान्यामागचं झाड पडलं, त्याच्या कुजक्या बुंध्यात तिला हे सापडले. एकूण नऊ. पाच नर, चार माद्या.

अंगठ्याच्या नखाएवढा आहे. वरवर काळा, पण खिडकीशी नेला की काळ्याच्या खालून तांबूस रंग दिसतो. पाठीवरची दोन कवचं मधोमध जुळून एकच झाली आहेत, उघडतच नाहीत, त्यामुळे उडण्याचा प्रश्न मिटला. कवच फोडून बघितलं तर पंखांच्या जागी दोन चिंध्या. पायांवर पिवळसर लव. आणि मिशा अशा की मी खुर्चीवरून उठून उभी राहिले. अकरा पेरं, त्यांतल्या आठ पेरांना दात, अगदी कंगवा. नर्सबाई लिहिते, "हात लावला की मेल्याचं सोंग घेतो. मी चहा पिऊन परत आले तरी मेलेलाच."

सहा आठवडे मी पुस्तकं पालथी घालते आहे. हा कुठेही नाही. नवा आहे. याचं वर्णन मी लिहिणार आहे, माझ्या नावाने.

अडचण एकच. त्या बेटावरून कंगव्यासारख्या मिशांचा एकच भुंगेरा आजवर नोंदला गेला आहे, तो म्हणजे तुझा 'राजा'. एकोणतीस वर्षांपूर्वी एका नमुन्यावरून तू त्याला नाव दिलंस आणि तुझंही नाव झालं. आता तो राजा शेजारी ठेवून फरक दाखवल्याशिवाय माझा लेख कुणी छापणार नाही. तुला शिकवायला नको, पण मूळ नमुना, ज्या एका किड्यावर अख्खं नाव उभं असतं तो, संग्रहालयाचा असतो, घरचा नसतो. आमच्या संग्रहालयाच्या वहीत तुझ्या नावासमोर 'अभ्यासासाठी नेला' असं एकोणतीस वर्षं लिहिलेलं आहे. झाला असेल अभ्यास. पाठव.

टाचणीवाली
(हे नाव तूच ठेवलेलं आहेस, विसरला असशील तर.)


२५ मार्च

दादा,

तुझ्या तीन ओळी मिळाल्या. टाइप केलेल्या, वर तुझ्या सगळ्या पदव्या. "नमुने माझ्याकडे पाठवावेत. वर्णन मी करीन. आपल्या सहकार्याचा योग्य तो उल्लेख करण्यात येईल."

आपल्या! अरे, तुझ्या पाठीवर बसून मी घरभर फिरले आहे. मी 'आपण' कधीपासून झाले?

याला आयत्या बिळावर नागोबा म्हणतात. डबी मी उघडली, किडे मी वाफवून मऊ केले, त्यांचे दुमडलेले पाय सुईने एकेक करून मी सरळ केले. आपल्या धंद्यात ओळख तोंडावरून पटत नाही, हे तू पहिल्या तासाला मुलांना सांगायचास आणि मुलं खाली बघून हसायची. नराच्या पोटातून जे काढावं लागतं, केसाच्या टोकाएवढं, ते मी पाचही नरांचं काढून काचेवर ठेवलं आहे. तुझ्या निम्म्या विद्यार्थ्यांना ते काढायला मीच शिकवलं. तुझे हात थरथरतात म्हणून तू काढायचं सोडलंस, ते लोकांना माहीत नाही. मला माहीत आहे.

तुझ्याकडे तीन पदव्या, माझ्याकडे अर्धी. ती अर्धी का राहिली तेही तुला माहीत आहे. आई अंथरुणाला खिळली तेव्हा घरात दोन मुलं होती, त्यांतलं एक बोटीत बसलं.

मी अबोला का धरला, हे तू मधल्या काळात दोघातिघांना विचारलंस म्हणे. मला विचारलं असतंस तर सांगितलं असतं. तुझ्या सत्काराच्या दिवशी तू पाहुण्यांना घेऊन आमच्या खोलीत आलास. मी नवी साडी नेसले होते. तू माझ्या टेबलाशी थांबलास आणि म्हणालास, "या बाई खोकी सांभाळतात." मग पुढे गेलास. बहीण म्हणायला तुझं काय जात होतं?

नमुने पाठवणार नाही. राजा पाठव.

टाचणीवाली


१९ एप्रिल

दादा,

उत्तर नाही. मला वाटलंच होतं. मूग गिळून बसलायस. का ते मी सांगते, म्हणजे तुझे कष्ट वाचतील.

तो राजा नाहीच. डोकं एकाचं आहे आणि धड दुसऱ्याचं.

बेटावरून राजाचा डबा आला तेव्हा मी एकवीस वर्षांची होते, नोकरीला लागून चार महिने झाले होते. डब्यात चार किडे होते आणि वाटेत आदळून सगळे खिळखिळे झाले होते. तू सुट्टीवर आला होतास, परतीची बोट तिसऱ्या दिवशी होती. "जोड पटापट," म्हणालास, "मला एक तरी धड पाहिजे." मी जोडला. डोक्याला मिशांचा कंगवा होता, मोठं दिमाखदार डोकं. त्याला बसेल असं एकच धड उरलं होतं, पिवळ्या पट्ट्यांचं, लांबट. टाचणीच्या टोकावर डिंकाचा थेंब घेतला, मानेला लावला, फुंकर मारली. छान बसलं. तू पाठ थोपटलीस. चित्रही मीच काढलं, तुझ्या लेखात आहे ते.

आठव्या दिवशी मी जुने खण पुसत होते. लाकडाच्या वखारीत सापडतो त्या साध्या भुंगेऱ्याचा खण उघडला आणि हातातलं फडकं खाली पडलं. पिवळे पट्टे, लांबट धड, मागच्या पायावर तोच काटा. डबा लाकडी खोक्यातून आला होता, त्या खोक्यातलाच एखादा मरून आत पडला असणार. मी तुला लगेच कळवलं. तू लक्ष दिलं नाहीस, लेख छापलास आणि राजाचा राज्याभिषेक झाला.

आता माझ्यासमोर नऊ किडे आहेत आणि नवांनाही तुझ्या राजाचं डोकं आहे. ते डोकं मी चित्रासाठी दोन दिवस बघितलं होतं, मी विसरणार नाही. त्याचे खरे धनी आले आहेत दादा. लहानसं गुबगुबीत काळं धड घेऊन आले आहेत.

म्हणून तू पाठवत नाहीस. म्हणून तो एकोणतीस वर्षं तुझ्या घरच्या कपाटात आहे. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तो तुझाही आणि माझाही. महिनाअखेर वाट बघेन, मग संचालकांना लेखी देईन.

टाचणीवाली


९ मे

दादा,

पार्सल आलं. खोक्यात खोकं, त्यात खोकं, मध्ये कापूस. बांधण्याचं तुला अजून येतं.

उघडलं आणि मला आधी हसू आलं. मग हसू थांबलं.

दोन टाचण्या. एकीवर डोकं, एकीवर धड. प्रत्येकीखाली तुझ्या अक्षरातली चिठ्ठी. "कोमट पाण्यात सुटे केले. दोन प्राणी." आणि तारीख. लेख छापून आल्यानंतर बरोबर एक महिन्याची. म्हणजे तुलाही माहीत होतं. एकोणतीस वर्षं तू व्याख्यानांत त्या राजाचा फोटो पडद्यावर दाखवत होतास आणि घरी कपाटात त्याचं मुंडकं वेगळं ठेवलं होतंस!

आणि वर ही चिठ्ठी: "नमुना हरवला असं लिही. मी दुजोरा देईन. तुझा किडा नवा ठरेल, माझा राहील. झाकली मूठ सव्वा लाखाची."

सोपं आहे, मान्य. मी दोन दिवस त्याचा विचार केला, खोटं कशाला बोलू. कुणाला कळलं नसतं. तुझा राजा पुस्तकात राहिला असता, माझा किडा त्याच्या शेजारी बसला असता, आणि पुढची शंभर वर्षं कुणीतरी बिचारा त्या बेटावरच्या बुंध्यांत पिवळ्या पट्ट्यांचा राजा शोधत फिरला असता. मागच्या वर्षी दोन मुलं त्यासाठी जाऊन आली, ठाऊक आहे का? नर्सबाईने त्यांना तापाच्या गोळ्या दिल्या. रिकाम्या हाताने परतली आणि तुझ्याच एका विद्यार्थ्याने त्यांना ऐकवलं, नीट शोधलं नसेल.

नाही लिहिणार मी हरवला म्हणून. सापडला आहे, दोन्ही तुकडे माझ्यासमोर आहेत.

नियम तुला पाठ आहे, तरी लिहिते. मूळ नमुना दोन प्राण्यांचा निघाला, तर ज्याला ते पहिल्यांदा छापून दाखवता येईल त्याने ठरवायचं, नाव डोक्याला द्यायचं की धडाला. डोक्याला दिलं तर हे नऊ तुझे. धडाला दिलं तर तू दिलेलं नाव वखारीतल्या भुंगेऱ्याच्या जुन्या नावाखाली पुसलं जाईल आणि हे नऊ नवे ठरतील. मी धडाला देणार आहे. रागाने नव्हे. तुझ्या वर्णनाच्या चौदा ओळींपैकी अकरा धडाच्या आहेत, मी मोजल्या. डोक्याच्या तीन ओळींत तू मिशांची पेरंसुद्धा दहा लिहिली आहेस. अकरा आहेत दादा.

टाचणीवाली


१२ मे

दादा,

नऊ तारखेचं पत्र टाकलं, पण एक गोष्ट सांगायची राहिली. म्हणून हे.

मी तुला आठव्या दिवशी कळवलं, असं मी एप्रिलमध्ये लिहिलं. नव्हतं कळवलं. तुलाही ते माहीत आहे, तरी तू तुझ्या चिठ्ठीत त्याबद्दल अवाक्षर काढलं नाहीस.

लेख तेव्हा छापून यायचा होता. एक फोन पुरला असता. फोन संग्रहालयाच्या जिन्याखाली होता, मी तिथवर गेलेही होते. पण त्याच सकाळी तुझं कार्ड आलं होतं की कामाचा व्याप आहे, आईकडे पुढच्या सुट्टीत येणं जमणार नाही, तू आहेसच. मी कार्ड पुन्हा वाचलं आणि जिना चढून वर आले. म्हटलं, छापू दे. होऊ दे मोठा. माझ्या डिंकावर उभा आहे हे मला माहीत आहे तेवढं बस. आईचं अंग पुसताना, तिची कूस बदलताना मला ते आठवायचं आणि बरं वाटायचं. इतकी वर्षं बरं वाटलं.

मी माफी मागत नाही. जे केलं ते सांगते आहे. लेखात हेही लिहिणार आहे.

टाचणीवाली


६ जुलै

दादा,

आज मी तुझ्यावर जितकी चिडले आहे तितकी सत्काराच्या दिवशीही नव्हते.

लेख स्वीकारला गेला, हे तुला कळलं असेलच. त्यातलं वाक्य हे आहे: "डोकं व धड यांची जोडणी प्रस्तुत लेखिकेने केली होती. चूक तिला आठ दिवसांत समजली व तिने ती कुणालाही सांगितली नाही." मुद्रितं आली तशी मी संचालकांना दाखवली. मागून कळण्यापेक्षा बरं.

संचालकांनी चष्मा काढला. "बाई, हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण. कोण विचारत होतं तुम्हाला?"

"मीच मला विचारत होते," म्हटलं.

"लोक काय म्हणतील कळतंय का? यांनीच डिंक लावला, यांनीच लपवलं, आणि आता यांचाच किडा नवा ठरतोय. चौकशी लावावी लागेल मला. मूळ नमुन्यांच्या कपाटाची किल्ली बावीस वर्षं तुमच्याकडे आहे. तुमच्यावर विसंबून जग त्या कपाटाकडे बघतं."

"लावा चौकशी."

"लेख मागे घ्या."

"नाही."

तीन आठवडे असे गेले. खोलीतल्या पोरी माझ्याशी कुजबुजत बोलायच्या, आजाऱ्याशी बोलावं तसं. मी रोज वेळेवर येत होते, कपाट उघडत होते, डांबरगोळ्या बदलत होते.

मग गेल्या आठवड्यात संचालक स्वतः चालत माझ्या टेबलाशी आले. चेहरा उजळलेला. हातात तुझं पत्र, नियतकालिकाला पाठवलेलं, एक प्रत त्यांना. "बहिणीने मला आठव्या दिवशीच फोनवर कळवले होते. मी दुर्लक्ष करून लेख छापला. ती केवळ मी सांगितलेले काम करत होती. दोष सर्वस्वी माझा. आजारी आईच्या काळजीत तिला नेमके आठवत नसावे."

"सुटलात बाई!" संचालक म्हणाले. "ते वाक्य काढून टाका, यांचं पत्र खाली छापू. तुम्ही काय, सांगितलं तसं केलंत. हात तेवढे तुमचे."

दादा, तू मला बहीण म्हणालास. छापून येईल अशा कागदावर. त्यासाठी मी अकरा वर्षं वाट बघितली आणि ते आलं ते या खोट्यासोबत.

तुझा हेतू मला दिसतो, मी आंधळी नाही. या वयात, इतक्या मानाच्या जागेवरून, स्वतःच्या तोंडाला काळं फासून घेतलंस ते माझी किल्ली वाचावी म्हणून. माझंच खोटं उचललंस आणि माझ्यासाठी खरं करून दाखवलंस. मी टेबलाशी बसून रडले, तेही लिहिते. पोरींनी पाणी आणलं.

पण मला ते नको आहे.

तू घर सोडलंस तेव्हा माझं कॉलेज गेलं, मी बोलले नाही. चित्रं माझी, नाव तुझं, बोलले नाही. आता माझ्या हातून झालेली एकमेव मोठी गोष्ट आहे, वाईट असली तरी माझी आहे, तीही तूच घेऊन चाललास. मी केवळ सांगितलेलं काम करत होते, तर हा लेख कुणी लिहिला? तोही हातांनीच? ज्या बाईला आठवत नाही, तिने मोजलेली अकरा पेरं लोकांनी खरी का मानायची? मी तेव्हाही बघत होते, तेव्हाही मला कळत होतं, आणि कळून मी गप्प बसले. हे तिन्ही मी केलं. त्यातलं शेवटचं काढून घेतलंस तर आधीची दोनही जातात.

मी संचालकांना सांगितलं, पत्र खोटं आहे. ते हसले. "सर कशाला खोटं लिहितील?" नियतकालिकालाही लिहिलं. त्यांचं उत्तर आज आलं, दोघांच्या म्हणण्यात तफावत असल्याने ज्येष्ठांचे म्हणणे ग्राह्य धरावे असे मत पडले. बघ. मी स्वतःला दोषी म्हणते आहे तरी तुझाच शब्द मोठा!

म्हणून हे तुलाच करावं लागेल. पत्र मागे घे. कारण दे. लिही, की माझी बहीण खरं बोलते आहे आणि मी खोटं लिहिलं. त्याहून कमी चालणार नाही आणि त्याहून जास्तही नको, तुझा मोठेपणा मधे आणू नकोस. किल्ली जाते तर जाऊ दे. तुला जर माझ्यासाठी खरोखरच काही करायचं असेल, तर एवढं कर.

तुझी बहीण


२ सप्टेंबर

दादा,

तुझं दुसरं पत्र, पहिलं मागे घेणारं, संचालकांनी मला दाखवलं. दोनच ओळी, आणि या वेळी हाताने लिहिलेल्या. अक्षर फार हललं आहे. लिहायला किती वेळ लागला असेल ते मला कळलं.

चौकशी झाली. किल्ली सोमवारी दिली. किल्ल्यांचा जुडगा कमरेला नाही तर चालताना चुकल्यासारखं होतं. मला आता नमुन्यांच्या चिठ्ठ्या लिहिण्याच्या खोलीत बसवलं आहे, खिडकी चांगली आहे. संचालक समोरून आले की भिंतीवरचे नकाशे बघतात. तुझं नावही तीन समित्यांवरून काढलं, असं ऐकलं. वाईट वाटलं, पण पश्चात्ताप नाही झाला. तुलाही होऊ देऊ नकोस.

किड्याला नाव नर्सबाईचं दिलं. संचालकांनी मधल्या काळात दोनदा सुचवलं होतं की त्यांचं नाव त्याला शोभेल. मी म्हटलं, नखाएवढा आहे हो, तुमचं नाव पेलायचा नाही. नर्सबाईला कळवलं तर तिने उलट टपाली विचारलं, "मेल्याचं सोंग घेतो म्हणून माझं नाव दिलंत का?" आणि सोबत आणखी एक डबी.

लेख छापून आला. प्रत सोबत आहे. वर एकच नाव आहे. ते वाक्य तिसऱ्या पानावर आहे, जसंच्या तसं.

चष्मा लावून सावकाश वाच, मापं पुन्हा तपासून बघ, तुझ्याकडे डोक्याची तुझी जुनी टिपणं असतील. चूक सापडली तर कळव. दुरुस्ती माझ्याच नावाने छापू.

तुझी बहीण